चहाच्या टेबलावरची हॅस्केल

कोलकात्याला जाऊन आले म्हटलं की लोक आधी रसगुल्ल्यांचं विचारतात आणि मग हावडा ब्रिजचं. दोन्हींबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. रसगुल्ले सोबत आलेल्या मनोजने संपवले आणि पूल टॅक्सीतून दिसला तेव्हा मी फोनवर ऑफिसातल्या सरांशी वाद घालत होते. पण तिथे मी जे पाहिलं, ते पाहायला माझ्या ओळखीतलं कुणी मुद्दाम जाईल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी थोडं माझ्या वेडाबद्दल. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि मला फंक्शनल भाषांचं खूळ आहे. प्रोग्रॅम न लिहिणाऱ्यांसाठी सांगते. जावासारख्या नेहमीच्या भाषेत प्रोग्रॅम म्हणजे शाळेतला फळा. कुणीही यावं, आधीचं पुसावं आणि आपलं लिहावं. कुणी काय पुसलं ते शोधण्यात आमच्या धंद्यातल्या लोकांचं निम्मं आयुष्य जातं. फंक्शनल भाषेत पुसायला बंदी. बदल हवा असेल तर शेजारी नवीन लिहा. शिवाय एखाद्या कामाला तेच साहित्य दिलं तर तेच उत्तर आलं पाहिजे, मग सोमवार असो की दिवाळी. या भाषांतली सगळ्यात सोवळी भाषा म्हणजे हॅस्केल. मी तिच्यावर दर महिन्याला शनिवारी व्याख्यान देते. ऑफिसात त्याला ‘मेधाताईंचा सत्संग’ म्हणतात. आमचे दीपकसर दरवेळी शेवटच्या रांगेत बसतात, सामोसा खातात आणि जाताना म्हणतात, “ताई, सुंदर आहे. पण प्रॅक्टिकल नाही.”

आणि एके दिवशी कोलकात्यातल्या एका जुन्या चहा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम आमच्याकडे आलं. उघडून बघतो तर सगळं हॅस्केलमध्ये! मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. सरांचं मत मात्र तिथल्या तिथे ठरलं: हे टाकून द्यायचं आणि जावात पुन्हा लिहायचं. “ही भाषा येणारी माणसं मी कुठून आणू?” हा त्यांचा सवाल. खूप भांडल्यावर ते इतकंच म्हणाले, की जा, डोळ्यांनी बघा, शुक्रवारी सकाळी कॉलवर सांगा, ठेवायचं की टाकायचं. माझ्या एकटीवर भरवसा नको म्हणून सोबत मनोज दिला. मनोज इचलकरंजीचा, जावावाला, अंगाने आडवा आणि बोलायला सरळ. विमानातच त्याने सांगून टाकलं, “मॅडम, तुम्ही भक्त आहात. मी देवळात चप्पल घालून शिरणारा माणूस. राग मानू नका.”

रविवार, सॉल्ट लेक

सॉल्ट लेक हे आखून वसवलेलं गाव, त्यामुळे तिथे हरवणं फार सोपं. सगळे ब्लॉक सारखे, सगळे चौक गोल, आणि प्रत्येक चौकात एक बाग. मनोज दुपारी ऑम्लेट खायला म्हणून गेस्ट हाऊसबाहेर पडला आणि बऱ्याच वेळाने रिक्षातून परत आला. रिक्षावाल्याने त्याला उचललं ते गेस्ट हाऊसच्या मागच्या गल्लीतून.

संध्याकाळी बापटांकडे जेवायचं आमंत्रण होतं. ज्या प्रोग्रॅमसाठी आम्ही आलो होतो, तो लिहिणारी इरा ही बापटांचीच मुलगी. बापटकाका बँकेतले. तीन वर्षांच्या बदलीवर आले आणि बदली वाढत वाढत निवृत्तीपर्यंत गेली. इरा इथेच वाढली. तिचं मराठी घरातलं, स्वयंपाकघरातलं. भाजी, नातेवाईक, आजारपण यावर फाडफाड बोलते. ऑफिसचा विषय निघाला की इंग्रजीवर जाते आणि रागावली की बंगालीवर.

काकूंना मराठी माणसं बघून इतका आनंद झाला की दारातच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “बोल गं बाई, नुसतं बोलत राहा. कानांना बरं वाटतं.” जेवायला थालीपीठ होतं, लोणी होतं आणि शेवटी खजुराच्या नव्या गुळाचा पायस. हा गूळ इथे थंडीतच मिळतो, त्याला नोलेन गुड म्हणतात. आपल्याकडे गुळाचा सण असतो, यांच्याकडे गुळाचा ऋतू असतो. मनोजने पायस तिसऱ्यांदा घेतला. काकूंनी हळूच सांगितलं की माशाची भांडी वेगळी आहेत, पण आहेत. “इथे राहून मासा खाल्ला नाही तर शेजारी काळजीने डॉक्टरचं नाव सुचवतात.”

जेवताना इराचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा ती उठून आत गेली आणि लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. काकूंनी तिचं ताट झाकून ठेवलं.

सोमवार, डलहौसी

चहा कंपनीची इमारत डलहौसी भागात आहे. जाड भिंती, उंच खिडक्या, लिफ्टला लोखंडी जाळीचं दार. मेट्रोने लवकर पोचलो असतो, पण मनोजला नदीखालून जायचं होतं. म्हणून आधी हावडा मैदानापर्यंत गेलो आणि परत फिरलो. नदीखाली बाहेर काळोख आणि निळे दिवे दिसतात. “पाणी कुठाय?” असं त्याने जाताना विचारलं आणि येतानाही.

चाखण्याची खोली मात्र जन्मभर लक्षात राहील. उत्तरेच्या खिडकीखाली लांबच लांब टेबल, त्यावर झाकणाच्या पांढऱ्या भांड्यांची रांग, प्रत्येकापुढे एक पांढरा वाडगा. प्रत्येक भांड्यात चहाची पत्ती तेवढ्याच वजनाची, पाणी तेवढंच उकळलेलं, वेळ घड्याळ लावून तेवढाच. मग सगळे वाडगे एकदम भरतात. मुख्य चाखणारे मुखर्जीबाबू, साठीचे, पांढरा एप्रन घातलेले, चमचा भरून सुर्र करून असा ओढतात की आपल्याकडे पंगतीत आईने डोळे वटारले असते. तोंडात घोळवायचा, बाजूच्या चाकांच्या पिंपात थुंकायचा, एक शब्द बोलायचा आणि पुढे सरकायचं. तो शब्द आणि गुण हातातल्या टॅबलेटवर नोंदवले जातात. तिथून पुढे इराचा प्रोग्रॅम.

मी मुखर्जीबाबूंना विचारलं, पत्ती आणि वेळ इतकी काटेकोर कशाला?

“मैडम, पत्ती बदलेगा, सीज़न बदलेगा,” ते म्हणाले. “हाम लोग भी अगर बदलेगा, तो चाय का दोष है कि हामारा, कैसे समझेगा?”

मी मनोजला कोपराने ढोसलं. शनिवारच्या व्याख्यानात मी तासभर घसा कोरडा करून हेच सांगते! या लोकांनी ते चहाच्या टेबलावर मांडून ठेवलं होतं. हॅस्केल इथे आली याचं मला मुळीच आश्चर्य वाटेना. ती दुसरीकडे जात नाही याचं वाटायला लागलं.

प्रोग्रॅमचं काम असं. नागपूरच्या बाईने घेतलेलं पाकीट पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखंच लागलं पाहिजे. पण मळ्यांतून येणारा चहा तर दर आठवड्याला वेगळा. म्हणून पुष्कळ प्रकारचे चहा एकत्र करून ठरलेल्या चवीपर्यंत पोचायचं. चाखणाऱ्यांचे गुण घेऊन प्रोग्रॅम लाखो मिश्रणं ताडून बघतो आणि त्यातली मोजकी सुचवतो. मग ती मिश्रणं पुन्हा टेबलावर, पुन्हा सुर्र. मोठं चाखणं सोमवारी आणि गुरुवारी. त्या दोन दिवसांच्या निकालावर कारखाना चालतो.

या सगळ्यात मनोजने एक घोळ केला. थुंकणं त्याला अपमानाचं वाटलं, म्हणून पाहुणा म्हणून पुढे आलेला प्रत्येक घोट त्याने गिळला. अख्खी रांग. वरून मुखर्जीबाबूंना विचारलं, “थोडं आलं, साखर मिळेल काय?” मुखर्जीबाबूंनी चमचा खाली ठेवून त्याच्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघायला लागले. दुपारभर मनोजचे हात थरथरत होते आणि तो न थांबता बोलत होता. एरवीही बोलतो, पण एवढा नाही.

मंगळवार, सेक्टर फाइव्ह

सॉल्ट लेकच्या टोकाला सेक्टर फाइव्ह. काचेच्या इमारती, आणि त्यांच्या पायाशी फुटपाथवर अख्खं गाव जेवत असतं. इराचं, म्हणजे चहा कंपनीच्या सॉफ्टवेअर टीमचं, ऑफिस एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. टीम म्हणजे आता ती एकटीच. आधी तिघं होते, पण दोघं जास्त पगारावर बंगळूरला गेले.

तिने प्रोग्रॅम उघडून दाखवला. सुंदर होता, दुसरा शब्द नाही. उगाच काही नाही, लपवाछपवी नाही. प्रत्येक छोटं काम एकेका ओळीत, आणि ती छोटी कामं जोडून मोठं काम. एखाद्या चांगल्या गृहिणीच्या मांडणीत हात घातला की हवा तो डबा मिळतो, तसं. मी जन्मभर “असं होऊ शकतं” म्हणत आले होते, आणि ते समोर होतं. रोज चालत होतं, त्याच्यावर माणसं पोट भरत होती. मी ओरडायला लागले. “मनोज, हे बघ! हे बघ! इथे पुसायची सोयच नाही!” मनोज म्हणाला, “बघतोय की. पण हे तुम्हाला आवडणार हे मी विमानात बसायच्या आधीपासून सांगतोय.”

दुपारी इरा मला खाली टपरीवर घेऊन गेली. मातीच्या भांड्यातला लिंबाचा चहा, काळं मीठ घातलेला. पुण्याच्या अमृततुल्य डोळ्यांना तो चहा वाटतच नाही, पण दुसऱ्या भांड्याला मी शरण गेले. मी म्हटलं, इरा, काळजी करू नकोस. मी शुक्रवारी ठणकावून सांगणार आहे की हे ठेवायचं.

तिने भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “मेधाताई, तुम्ही ‘परत लिहा’ असं सांगाल का? प्लीज.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“प्रोग्रॅम छान आहे. मला पण आवडतो,” ती म्हणाली. “पण तो मला सोडत नाही ना. दुसऱ्या कुणाला येत नाही. मुखर्जीकाकू… म्हणजे मुखर्जीबाबू, मी त्यांना काकू म्हणते, बंगालीत काकांना काकू म्हणतात. ते चांगले आहेत हो. पण काही अडलं की मलाच फोन करणार. सांगलीला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मी मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते. बाहेर मंगलाष्टकं चालू. आईला किती दिवसांपासून सुंदरबन बघायचंय. इथून जवळ आहे. पण तिथे रेंज नसते, म्हणून आम्ही जात नाही. जावात असेल तर दहा लोक बघतील. मी घरी झोपेन.”

खरं सांगते, मला आधी तिचा रागच आला. एवढं सुंदर काम हातात असलेली मुलगी ते स्वतःच मोडायला सांगते म्हणजे काय! मी काहीतरी तोडून बोललेही असते. पण तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. इतका वेळ मी तिच्या प्रोग्रॅमकडेच बघत होते. सरांचा सवाल बरोबर होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे मला पहिल्यांदा कबूल करावं लागलं. जी वस्तू एकच माणूस सांभाळू शकतो, ती कितीही देखणी असो, तिला प्रॅक्टिकल कोण म्हणेल?

मनोज मागे उभा राहून ऐकत होता. त्याच्या हातात टपरीवरची पावरोटी होती. तो म्हणाला, “मग बघूच की. तू उद्या आईला घेऊन सुंदरबनला जा. तू नसताना आम्ही त्यात एक बदल करून दाखवतो. जमलं तर ठेवायचं, नाही जमलं तर टाकायचं. मॅडम, कबूल?”

मी कबूल म्हटलं. हो म्हणायला इराने जास्त वेळ घेतला. बदलही तिनेच सांगितला. मुखर्जीबाबू केव्हाचे मागे लागले होते की दूध घातलेल्या कपाचे गुण कोऱ्या कपापासून वेगळे धरा, कारण काही चहा कोरे असताना रुबाब करतात आणि दुधात गळपटतात. इराने चावी दिली, पासवर्ड दिले, आणि तरी म्हणाली, “मी नाही गेले तर?” आपण जातोय असं आईला तिने आधीच फोन करून सांगितलं होतं, हे तिच्या लक्षातच नव्हतं.

बुधवार, सियालदह आणि परत

पहाटे सियालदहला इरा, काका आणि काकूंना सोडायला गेले. कॅनिंगपर्यंत लोकल, पुढे गाडी आणि मग बोट, एक रात्र तिकडेच. स्टेशनवर शहरात येणाऱ्यांचा लोंढा, टोपल्या, भाज्या, फुलं, मासे. आम्ही त्या सगळ्यांच्या उलट दिशेने. काकूंनी प्लॅटफॉर्मवर माझ्या हातात डबा दिला. “तुमच्या दोघांचं जेवण. मनोजचं जास्त आहे.” गाडी हलली तरी इरा दारातून विचारत होती, “मेधाताई, टेस्ट आधी चालवा हं!”

मग आम्ही दोघं तिच्या खुर्च्यांवर. मी मनोजला म्हटलं, तू लिही, मी सांगणार नाही. त्याने आधी खूप नाकं मुरडली. पण एक गोष्ट त्याला लगेच कळली. गुणांचा आकार एका ठिकाणी बदलताच हॅस्केलने त्याला ओळीने दाखवायला सुरुवात केली: इथे बदललं नाहीस, तिथे दुधाचा विचार केला नाहीस, इथे काय करायचं ते ठरव. तो एकेक दुरुस्त करत गेला. तासाभरात त्याचा सूर बदलला.

“मॅडम, जावात मी हे केलं असतं, तर महिनाभर कुठं ना कुठं फुटलं असतं. हे आधीच भांडतंय.”

“सत्संगाला ये शनिवारी.”

“सामोसे असतील तर येतो.”

दुपारपर्यंत प्रोग्रॅम गप्प झाला, म्हणजे त्याची तक्रार संपली. एका जावावाल्याने हॅस्केलमध्ये पहिल्या दिवशी खरं काम केलं होतं! मला इतका आनंद झाला की मला राहवेना. शेवटचा एक तुकडा, सगळ्या मिश्रणांची चालती बेरीज ठेवणारा, तो मी स्वतः लिहायला घेतला. दोन ओळींत लिहिला, बघत राहावा असा. टेस्ट चालवल्या, सगळ्या पास. आम्ही तो लावून टाकला आणि मुखर्जीबाबूंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “दारुण!” बंगालीत म्हणजे उत्तम. त्या संध्याकाळी मनोजने मला कचोरी खाऊ घातली आणि आम्ही दोघंही स्वतःवर भलतेच खूश होतो.

गुरुवार, टेबलापाशी

मोठं चाखणं म्हणून आम्ही सकाळीच डलहौसीला हजर. रांग लागली, वाडगे भरले, कोऱ्या कपांचे गुण, मग दूध, मग दुधाच्या कपांचे गुण. सगळं छान. मुखर्जीबाबूंनी एप्रनला हात पुसले आणि टॅबलेटवर ‘मिश्रण’ दाबलं.

पडद्यावर चकती फिरायला लागली. फिरतच राहिली.

“की होलो?” त्यांनी विचारलं. काय झालं, एवढं मलाही कळलं.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा चकती. टेबलाभोवतीची सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. कारखान्यातून फोन आला, मिश्रण कुठाय? मी म्हटलं जुनी आवृत्ती परत लावू, पण तिला असे वेगवेगळे नोंदलेले गुण कळणार नव्हते, सगळं पुन्हा चाखावं लागलं असतं आणि सकाळचे कप आता गार झालेले. गार चहा पुन्हा चाखून चालत नाही. मुखर्जीबाबूंचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला. “इरा को बुलाता हूँ।”

“नाही!” आम्ही दोघंही एकदम ओरडलो. मराठीतच. ते इतके दचकले की फोन खिशात परत गेला.

मी प्रोग्रॅम वाचत होते आणि मला तो अजूनही सुंदरच दिसत होता, हीच पंचाईत. मनोज प्रोग्रॅम वाचतच नव्हता. तो सर्व्हरची मेमरी बघत होता, आयुष्यभर जावात तो हेच करत आलाय. म्हणाला, “मॅडम, इकडं बघा. दर कपाला मेमरी वाढलीय आणि एकदाही उतरलेली नाही. कुणीतरी काहीतरी धरून बसलंय. सोडतच नाही.”

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हॅस्केलचा एक स्वभाव आहे. सांगितलेलं काम ती लगेच करत नाही. “करायचंय” अशी चिठ्ठी ठेवते आणि उत्तर कुणी मागितलं की मगच करते. पुष्कळदा ते सोयीचं असतं, कारण ज्याचं उत्तर कुणी मागतच नाही ते काम वाचतं. पण माझ्या त्या दोन देखण्या ओळींमुळे लाखो मिश्रणांची बेरीज झालीच नव्हती. प्रत्येक वेळी नवीन चिठ्ठी आधीच्या चिठ्ठ्यांवर पडत होती. टेस्टमध्ये कप थोडे, म्हणून ढीग दिसला नाही. इथे ‘मिश्रण’ दाबल्यावर सगळा ढीग एकदम अंगावर आला. ही चूक जावावाला करूच शकत नाही. ही करायला माझ्यासारखा हॅस्केलचा भक्तच लागतो.

इलाज म्हणजे त्या जागी एक खूण करून सांगायचं, इथे टाळायचं नाही, बेरीज आत्ताच कर. मी खूण केली. मनोज म्हणाला, “थांबा, आधी सकाळच्या सगळ्या गुणांवर चालवून बघू.” चालवलं. मेमरीची रेघ सपाट. लावलं. मुखर्जीबाबूंनी पुन्हा दाबलं आणि मिश्रणं पडद्यावर हजर. ते चष्मा वर करून वाचू लागले, एके ठिकाणी थांबले आणि म्हणाले, “दूध में ये वाला ठीक ही गिर गया। हाम बोला था!” त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी मनोजचा हात धरून हलवला. त्याने त्या दिवशी पहिल्यांदा चहा पिंपात थुंकला. अगदी व्यवस्थित.

संध्याकाळी बापटांकडे गेलो तेव्हा ते नुकतेच परतले होते. काकांच्या बुटांना चिखल, गळ्यात दुर्बीण. काकूंनी दारातच सांगितलं, “वाघ नाही दिसला. मगर दिसली, हरणं दिसली. पण मेधा, ही बोटीत झोपली गं. भर दुपारी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी नदी बघायची सोडून हिच्याकडेच बघत बसले.” त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही भरले, त्यात काय लपवायचं.

इराने चप्पल काढायच्या आधी विचारलं, “काही झालं?”

आम्ही सगळं सांगितलं. चकती, गार कप, माझ्या दोन ओळी, मनोजची मेमरी. माझी चूक ऐकताना तिने डोक्यावर हात मारला. “मेधाताई! तिथे तर सगळे पडतात. मी पण पडले होते.” मग ती थांबली. “आणि मला फोन नाही केला?”

“नाही.”

“लागत नव्हता म्हणून?”

“लावलाच नाही,” मनोज म्हणाला.

ती तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात, एक हातात. तिला वाईट वाटलं की काय, असं मला वाटायला लागलं होतं. इतक्या दिवसांत आपल्यावाचून पहिल्यांदाच निभावलं, हे ऐकायला सोपं नसतं. मग ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता काकूंच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“मग मी उद्या पण येत नाही,” ती म्हणाली.

शुक्रवार, कॉल

सरांच्या कानावर गुरुवारचं आधीच गेलं होतं. मी काही लपवलं नाही. बंद पडलं, माझ्यामुळे पडलं, का पडलं आणि कसं उठलं, सगळं सांगितलं. हेही सांगितलं की हॅस्केल सगळीकडे चालेल असं मी आता म्हणणार नाही, पण या टेबलावर ती चालते, आणि चांगली चालते.

“ताई, ते ठीक आहे,” सर म्हणाले. “पण माणसं?”

“एक आहे,” मनोज म्हणाला. “मी. अजून येत नाही नीट. पण येईल. दुसरा मी शोधतो, जावातलाच.”

मनोजकडून सरांना ही अपेक्षा नव्हती. मग त्यांनी शेवटचा, त्यांच्या मते बिनतोड मुद्दा काढला. “हे सगळं तुम्ही ती इरा बापट शेजारी बसलेली असताना बोलताय. ती नसली की एक दिवस चालत नाही, असं चहा कंपनीवालेच मला सांगत होते. बोलवा तिला समोर, मला तिच्याशीच बोलायचंय. कुठे आहे ती?”

मनोजने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

“सर,” तो म्हणाला, “ती कालपण नव्हती आणि परवापण नव्हती. सुट्टीवर आहे.”

मग सर म्हणाले, “बरं. मग राहू द्या हॅस्केलच.”